फोटोत काय आहे, तेवढं सांगा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. मला दिसत नाही. माझा फोन पडद्यावरचं बोलून दाखवतो, पण फोटो आला की त्याची वाचा बसते. कोणी पाठवला ते सांगतो, 'फोटो' म्हणतो, वेळ सांगतो, संपलं. पाठवणारी आत्या, वेळ सकाळी सात. आत्या रोज त्याच वेळेला गुलाब, सूर्योदय, वाफाळता कप असलं काहीतरी टाकते हे अख्ख्या घराला पाठ आहे. मी चहा पिता पिता उत्तर ठोकलं, 'सुप्रभात आत्या, छान!'

दोन मिनिटांत पुतण्याचा फोन. "काका, आधी ते डिलीट करा. मिरजेचे अण्णा गेले."

पांढरी चौकट, वर 'दुःखद निधन', मधे अण्णांचा फोटो, खाली अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून. सगळा मजकूर होता, पण चित्रात होता. बघणाऱ्याला ती अक्षरं दिसतात. माझ्या फोनच्या लेखी ते नुसते रंगाचे ठिपके. आता काही फोन चित्रातली अक्षरं ओळखायचा प्रयत्न करतात, पण त्यासाठी मुळात हे चित्र उघडून तपासावं असं मला वाटायला हवं ना! आत्याच्या सातच्या फोटोबद्दल ते कोणालाच वाटत नाही.

मी सांगलीचा, बँकेत नोकरीला. डोळे विशीत गेले, हळूहळू: आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, मग समोरचं. बायको जन्मांध. आमचं दोघांचं सगळं काम मोबाइल आणि संगणकावर चालतं. अँड्रॉइडवर टॉकबॅक असतो, आयफोनवर व्हॉइसओव्हर. संगणकावर मी एनव्हीडीए वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांचं ते काम, २००६ पासूनचं, आणि फुकट आहे. ही सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतात. मजकूर असेल तर. अण्णांच्या प्रकरणानंतर घरातल्यांना एकेकाला धरून जे शिकवलं, ते इथे लिहून काढतोय.

फोनवर सांगता तसं

तुम्ही आईला फोन करता, "अगं, तो फोटो बघितलास का?" ती म्हणते, "नाही गं, नेट गेलंय. काय आहे त्यात?" यावर तुमच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघतं ना, तेच लिहायचं. ते वाक्य चुकत नाही, कारण फोटो का पाठवला हे तेव्हा डोक्यात असतं. लिहायला बसलं की माणूस ते विसरतो आणि फोटोतल्या वस्तू मोजायला लागतो.

समजा फोटो आमच्या सांगलीतल्या, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा आहे. लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही दोघं तिथे जाऊन सेल्फी काढलात तर 'आम्ही दोघं, मागे आयर्विन पूल' एवढं पुरे. पुलाच्या इतिहासावर लिहिताय, १९२९ साली तो झाला वगैरे, तर पुलाची बांधणी कशी दिसते ते सांगा. आणि ऑगस्टमधला फोटो असेल तर बाकी सगळं राहू द्या, पाणी कुठवर आलंय ते सांगा. पूल एकच, पण वर्णनं तीन. म्हणून 'या फोटोचं वर्णन कसं करू' असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, "कशाला टाकतोयस?"

साडीची गोष्ट

माझी भाची घरून साड्या विकते, पैठण्या जास्त. तिला वाटलं होतं, अंध माणसं काय साडीचे फोटो बघणार. तिची मामी, म्हणजे माझी बायको, तिच्या पानावर जाऊन आली आणि म्हणाली, "सोळा फोटो आहेत आणि सोळाही वेळा फोन म्हणतो 'चित्र'. मी यातली कुठली घेऊ?"

भाचीने त्या रात्री वर्णनं टाकली. पहिल्या साडीखाली लिहिलं: 'साडी'. मी म्हटलं, साड्यांच्या पानावर साडी असणार, हे न दिसताही कळतं. मग तिने केलं: 'सुंदर आणि आकर्षक पैठणी साडीचा फोटो'. यात तर तीन शब्द वाया. 'फोटो' लिहायची गरज नाही, कारण आधीच 'चित्र' असं सांगून मग फोन तुमचं वर्णन वाचतो. लिहिलंत तर 'चित्र, साडीचा फोटो' असं ऐकू येतं. आणि सुंदर? आकर्षक? विकणारा तसंच म्हणणार. कशामुळे सुंदर ते सांग, सुंदर आहे की नाही ते आम्ही ठरवू.

तिसऱ्या वेळेला ती इतकी पेटली की टेबलाचा रंग, मागचा पडदा, खिडकीतून येणारं ऊन, कोपऱ्यातला तांब्या असं सगळं दीड पान लिहून आणलं. बायको ऐकता ऐकता भाजी निवडायला लागली.

शेवटी दोघींनी बसून जे केलं ते असं: 'गडद जांभळी रेशमी पैठणी, हिरवा नारळी काठ, चार बोटं रुंद. पदरावर जरीचे पाच बांगडी मोर, म्हणजे गोल बांगडीच्या आत एकेक मोर. अंगावर लहान बुट्टी, विरळ.'

यातला शब्दन् शब्द बायकोने प्रश्न विचारून काढून घेतलेला आहे. काठ किती बोटं? बुट्टी दाट का विरळ? मोर ओळीत की गोलात? 'नारळी काठ' तिला माहीत, कारण लग्नातल्या शालूच्या काठावरून तिची बोटं शंभरदा फिरली आहेत. नवख्या माणसासाठी बांगडी मोराचा अर्थ दोन शब्दांत दिला, तोही जाता जाता.

रंगाबद्दल लोक फार अडखळतात. जन्मांध माणसापुढे जांभळा म्हणणं बरं दिसतं का, असं भाचीनेही विचारलं होतं. तिची मामी म्हणाली, "जांभळा कसा दिसतो मला नाही माहीत. पण जांभळ्यावर हिरवा उठून दिसतो असं चार बायका म्हणतात ते माहीत आहे, आणि हिरव्या माझ्याकडे दोन आहेत, हेही माहीत आहे." तेव्हा रंग लिहा. मी तर पूर्वी बघितलेले आहेत. 'हिरवा' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून हळदीचं रान येतं, कोवळं.

जे चित्रात लिहिलंय ते टाइप करा

सगळ्यात जास्त त्रास याच जातीच्या फोटोंचा आहे आणि सगळ्यात सोपा उपायही याचाच आहे. लग्नपत्रिका, निधनवार्ता, परीक्षेचं वेळापत्रक, पाणी येणार नसल्याची सूचना, सोसायटीची नोटीस. ही चित्रं नाहीतच मुळी, चित्राच्या पिशवीत घातलेली अक्षरं आहेत. त्यांचं वर्णन करू नका. 'लाल रंगाची पत्रिका, वर गणपती' हे ऐकून मी लग्नाला कुठे जाऊ? नाव, तारीख, मुहूर्त, कार्यालय, एवढं खाली टाइप करा.

टाइप करायचा कंटाळा येतो हे मान्य. गूगल लेन्समध्ये फोटो उघडा, मजकूर निवडा, कॉपी करा, फोटोखाली चिकटवा. छापील मराठी ते बऱ्यापैकी ओळखतं. तरी पाठवण्याआधी एकदा नजर टाका, विशेषतः आकड्यांवर आणि जोडाक्षरांवर. मुहूर्त चुकला तर आम्ही अक्षता टाकायला जेवणाच्या वेळेला पोचू.

आता पुराचं. सांगलीकराला पावसाळ्यात दोन आकडे तोंडपाठ असतात: आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. त्यामुळे जुलै उजाडला की प्रत्येक ग्रुपवर रोज तक्ता फिरतो. पुलाची पातळी, कालची पातळी, कोयना धरणाचा साठा, विसर्ग किती क्युसेक, आलमट्टी धरणाचं काय. आणि हा तक्ता येतो फोटो म्हणून! कधी कधी तर कोणाच्या तरी संगणकाच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, न दिसणाऱ्या माणसाला गादी माळ्यावर टाकायची की नाही हे याच तक्त्यावरून ठरवायचं असतं.

असला तक्ता पुढे पाठवताना त्याखाली एवढं लिहा: 'आयर्विन पूल, सकाळी ८ वाजता: ३८ फूट ६ इंच. रात्रीपासून दीड फूट वाढ. इशारा ४०, धोका ४५.' (आकडे उदाहरणादाखल.) गरजेचा आकडा आधी, बाकीचं मागाहून. 'पाणीपातळीचा तक्ता' असं लिहून थांबलात तर काहीच सांगितलं नाहीत. आलेखाचंही तसंच. रेघ निळी आहे का लाल याचं आम्हाला काही नाही. कुठून कुठे चढली, कुठे उतरली, आज कुठे आहे, ते सांगा. फार मोठा तक्ता असेल तर वर्णनात कोंबू नका, सरळ संदेशातच ओळीने टाइप करा. ते डोळसांनाही बरं पडतं, विशेषतः चष्मा घरी विसरलेल्यांना.

याच जातीचं आणखी एक दुखणं म्हणजे जुन्या, युनिकोड (म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या पीडीएफ. तुम्हाला पडद्यावर सुरेख मराठी दिसतं. माझा संगणक मात्र त्याच ओळी 'स्वल्पविराम, डॉलर, कंस पूर्ण' अशा वाचतो. मराठी नेहमी युनिकोडमध्येच टाइप करा. आणि कागद स्कॅन करून पीडीएफ केली म्हणून तो मजकूर होत नाही, तो फोटोच राहतो.

माणसं, देव आणि विनोद

माणसांच्या फोटोत नावं लिहा. 'चार जण उभे आहेत' यापेक्षा 'डावीकडून दादा, वहिनी, आई आणि कडेवर चिनू' हे किती बरं! अनोळखी माणूस असेल तर जे दिसतं तेवढंच: वयस्कर बाई, नऊवारी, हातात विळा. दुःखी आहे, गरीब आहे, कुठल्या समाजाची आहे, हे मनानं ठरवू नका. डोळ्यांत पाणी असेल तर पाणी आहे म्हणा.

गणपतीत अख्खा महाराष्ट्र गणपतीचे फोटो टाकतो. गणपती कसा असतो हे आम्हाला ठाऊक आहे, मूर्ती हाताने चाचपून मोठे झालोय. तुमचा वेगळा कसा आहे ते सांगा: शाडूची दीड फुटी मूर्ती, सोंड उजवीकडे, मागे वर्तमानपत्राच्या कागदाचा डोंगर आणि तो नातवाने केलाय.

विनोदी चित्र असेल तर विनोद मारू नका. आधी कोण कुठे उभंय ते सांगा, मग चित्रात लिहिलेलं जसंच्या तसं, आणि हसू येणारी गोष्ट शेवटी. पुतण्या आधी लिहायचा, 'मांजर टेबलावरून पडतंय, त्यामुळे हसू येतं.' आता लिहितो, 'मांजर ऐटीत टेबलाच्या कडेवर. दुसऱ्या चित्रात नुसतं टेबल.' याला मी मोठ्याने हसलो होतो, बँकेत, दुपारी.

सजावटीच्या चित्रांना, म्हणजे कोपऱ्यातली वेलबुट्टी, दोन परिच्छेदांतली नक्षीची रेघ, यांना वर्णन नको. वर्डमध्ये त्यासाठी 'डेकोरेटिव्ह' अशी खूण करता येते. स्वतः वेबपान लिहिणाऱ्यांनी 'ऑल्ट' हा चित्राच्या वर्णनाचा गुणधर्म ठेवायचा, पण अवतरणचिन्हांच्या आत काही लिहायचं नाही. म्हणजे सॉफ्टवेअर ते चित्र गुपचूप ओलांडतं. गुणधर्मच गाळलात तर काही वेळा फाइलचं नावच वाचायला घेतं, आणि कॅमेऱ्याने दिलेला चौदा आकडी नंबर ऐकणं म्हणजे काय ते ऐकल्याशिवाय कळणार नाही.

चौकट कुठे असते

चित्राच्या अशा लिखित वर्णनाला सगळीकडे 'ऑल्ट टेक्स्ट' म्हणतात. वर्डप्रेसमध्ये मीडिया लायब्ररीत फोटो निवडला की बाजूला 'ऑल्टर्नेटिव्ह टेक्स्ट' अशी चौकट येते. फेसबुकवर फोटो टाकताना 'एडिट'मध्ये जा. इन्स्टाग्रामवर पोस्ट करण्याआधीच्या शेवटच्या पडद्यावर खाली, जास्तीच्या पर्यायांत. एक्सवर फोटोवरच 'ऑल्ट' असं बटण दिसतं आणि १००० अक्षरं मावतात. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये चित्रावर उजवी क्लिक. कंपन्या या जागा हलवत असतात, पण शब्द तोच असतो, तो शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर मी घरच्यांना सरळ फोटोखालच्या ओळीत लिहायला सांगितलंय.

ही ओळ आणि ऑल्ट टेक्स्ट यांत फरक आहे. फोटोखालची ओळ सगळ्यांना दिसते, ऑल्ट टेक्स्ट बहुतेक वेळा आम्हीच ऐकतो. म्हणून तेच वाक्य दोन्हीकडे चिकटवू नका, मला दोनदा ऐकावं लागतं. खाली 'शेवटी जमलं!' लिहिलं असेल तर ऑल्टमध्ये काय जमलं ते लिहा.

लांबी? इंग्रजीत शोधलंत तर १२५ अक्षरांचा नियम सापडेल. ती काही काळ्या दगडावरची रेघ नाही. एक-दोन वाक्यं बहुतेक फोटोंना पुरतात, पैठणीला चार लागतील. महत्त्वाचं पुढे ठेवा, कारण मी कंटाळलो की बोट सरकवून पुढे जातो, तुम्ही नजर सरकवता तसंच.

भाषा मराठी तर लिपीही मराठी. रोमन अक्षरांत मराठी लिहिलंत की माझा फोन इंग्रजी आवाजात जातो आणि 'काय करतोयस' हे गोऱ्या साहेबाने विचारल्यासारखं ऐकू येतं. इमोजीही मोजून. त्या प्रत्येकाचं नाव वाचलं जातं. दहा जोडलेले हात ऐकेपर्यंत माझा थांबा येतो.

हे यंत्र करत नाही का?

करतं. फेसबुकने २०१६ मध्येच फोटोत काय असावं ते आपोआप सांगायला सुरुवात केली. तेव्हा ते 'कदाचित तीन माणसं, बाहेरची जागा' या चालीवर बोलायचं. आताची एआयवाली अ‍ॅप पानभर वर्णन करतात आणि मी ती रोज वापरतो. औषधाची पट्टी, दारावरची पाटी, कुरिअरचा पत्ता, यांना तोड नाही. पण एकदा घरच्या जेवणाचा फोटो एका अ‍ॅपला दिला, तर पुरणपोळीला ते चीज भरलेला पराठा म्हणालं. शिवाय कडेवरची मुलगी चिनू आहे, आणि तापातून उठल्यावरचा हा तिचा पहिला फोटो आहे, हे त्याला कुठून कळणार? ते फोटो टाकणाऱ्यालाच ठाऊक. यंत्राचा मसुदा घ्या हवं तर, पण नावं घाला, चुका काढा आणि अर्धं खोडा.

कायद्याचं एका परिच्छेदात सांगतो. वेबच्या सुगम्यतेची जागतिक नियमावली १९९९ मध्ये आली, तिचा पहिलाच मुद्दा चित्राला पर्यायी मजकूर द्या हा आहे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला केवायसीचा, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचा होता: मोबाइल म्हणतो कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकवा, आणि मिचकवता येत नसतील तर तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध होत नाही. मी बँकेतला असल्यामुळे यावर आणखी चार पानं लिहू शकतो, पण आवरतो.

ऐकून बघा

वर्णन टाकलंत की एकदा माझ्यासारखं ऐका. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त टॉकबॅक आहे. चालू करण्याआधी बंद कसं करायचं ते वाचून ठेवा. शॉर्टकट लावून ठेवला असेल तर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरायची. हे मी कळकळीने सांगतोय, कारण पुतण्याने न वाचता चालू केलं आणि पंधरा मिनिटं फोनशी झटापट करून शेवटी माझ्याकडेच घेऊन आला. टॉकबॅकमध्ये एका बोटाने एकदा टेकवलं की नुसतं वाचतं, उघडायला दोनदा टेकवायचं, आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. आता डोळे मिटा, तुमच्या पोस्टवर बोट ठेवा. ऐकून कळलं का काय आहे ते?

आत्या आता रोज लिहिते. सुरुवातीला 'फूल' एवढंच असायचं, मग 'लाल गुलाब, वर सुप्रभात', मग 'लाल गुलाब, दवबिंदू, खाली चांगला विचार लिहिलाय'. परवाच्या फोटोखाली होतं: 'कालचाच गुलाब आहे रे, उघडू नकोस.'